बारावीनंतर पदवीसाठी अमेरिका की ब्रिटन? अर्जाला हात घालण्याआधी

जून उजाडला की बारावीत गेलेल्या मुलांचे आईवडील फोन करतात. "पदवीलाच बाहेर पाठवायचं म्हणतोय. अमेरिका बरी की इंग्लंड?" मी आधी मुलाला किंवा मुलीला फोन द्यायला सांगते आणि एवढंच विचारते: तीन वर्षं रोज उठून एकच विषय वाचायचा झाला, तर कुठला वाचशील? काही मुलं क्षणात उत्तर देतात. काही म्हणतात, "इकॉनॉमिक्स... पण कॉम्प्युटरही आवडतं, आणि सायकॉलॉजी कधी शिकलेच नाही, ते बघायचंय." दोन्ही उत्तरं मला सारखीच आवडतात. पण पहिल्या उत्तराची वाट ब्रिटनकडे जाते आणि दुसऱ्याची अमेरिकेकडे. रँकिंग, व्हिसा, कुठे कोण नातेवाईक राहतात, हे सगळं त्यानंतर बघायचं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि अशा मुलांचे अर्ज गेली बरीच वर्षं वाचत आले आहे. हा आढावा मुख्यतः राज्य मंडळातून बारावी करणाऱ्यांसाठी आहे. मास्टर्सची प्रक्रिया वेगळी असते, ती इथे नाही.

दोन अर्ज, दोन वेगळे प्रश्न

ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज यूकॅस या एकाच संस्थेमार्फत जातात. एक फॉर्म, त्यात जास्तीत जास्त पाच पर्याय. हे पर्याय म्हणजे नुसती विद्यापीठं नव्हेत, तर विद्यापीठ आणि त्यातला ठरावीक अभ्यासक्रम अशी जोडी. "मँचेस्टरला अर्ज केला" असं तिथे म्हणता येत नाही, "मँचेस्टरच्या केमिस्ट्रीला अर्ज केला" असं म्हणावं लागतं. मेडिसिन, डेंटिस्ट्री आणि पशुवैद्यकाला पाचपैकी चारच पर्याय वापरता येतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एका वर्षी एकच निवडावं लागतं. तुम्ही आणखी कुठे अर्ज केला आहे, हे ऑफरला उत्तर देईपर्यंत कुठल्याच विद्यापीठाला दिसत नाही, त्यामुळे पर्यायांच्या क्रमाची काळजी करू नका.

या पाचही ठिकाणी एकच पर्सनल स्टेटमेंट जातं. त्याची मर्यादा मोकळ्या जागा धरून ४,००० अक्षरांची आहे. पूर्वी तो एक सलग निबंध असायचा. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झाले: हा अभ्यासक्रम का निवडला, आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केलं ज्याचा इथे उपयोग होईल. तिसऱ्या प्रश्नातही रोख विषयावरच आहे, हे लक्षात घ्या. पाचपैकी दोन पर्याय लॉ आणि तीन पर्याय बायोलॉजी असे भरले, तर ते स्टेटमेंट दोघांनाही अपुरं वाटतं.

अमेरिकेत बहुतेक नावाजलेली कॉलेजं कॉमन अॅप या सामायिक अर्जाच्या संकेतस्थळावर भेटतात. १९७५ मध्ये १५ कॉलेजांनी मिळून ते सुरू केलं, आज त्यावर हजाराहून जास्त आहेत आणि एका विद्यार्थ्याला २० पर्यंत कॉलेजं निवडता येतात. एमआयटी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची सगळी कॅम्पस यांचे अर्ज मात्र स्वतंत्र आहेत. कॉमन अॅपवर २५० ते ६५० शब्दांचा एक मुख्य निबंध असतो. शिवाय प्रत्येक कॉलेजचे आपापले छोटे निबंध, दहा उपक्रमांची यादी, नववीपासून बारावीपर्यंतचे गुण, शाळेच्या समुपदेशकाचं पत्र आणि बहुतेक ठिकाणी दोन शिक्षकांची शिफारसपत्रं. अर्ज वाचणारा माणूस एखाद्या विषयाचा प्राध्यापक नसतो. तो प्रवेश विभागात काम करतो, आणि पुढच्या वर्षीच्या नव्या तुकडीत हा मुलगा किंवा ही मुलगी काय घेऊन येईल, हे शोधत असतो.

समजा एका मुलीने दोन वर्षं आजोबांबरोबर गावातल्या पर्जन्यमापकाची रोज नोंद घेतली. ब्रिटनच्या भूगोलाच्या अर्जात तिने लिहावं: दोन वर्षांच्या आकड्यांत काय दिसलं, कुठल्या महिन्याची नोंद सरकारी आकड्यांशी जुळली नाही, का जुळली नसावी आणि ते समजून घ्यायला तिने काय वाचलं. आजोबा एका वाक्यात संपतात. अमेरिकेच्या निबंधात तीच गोष्ट उलटी फिरते. पहाटे उठायचा कंटाळा, आजोबांचा हट्ट, एका दिवशी खोटा आकडा लिहावासा वाटणं आणि तो न लिहिणं, या सगळ्यातून मुलगी दिसायला हवी. पर्जन्यमापक निमित्तापुरता उरतो. एकच मजकूर थोडाफार बदलून दोन्हीकडे पाठवला, की तो दोन्हीकडे पडतो. दरवर्षी निदान एक हुशार मूल तरी ही चूक करतं.

उपक्रमांच्या यादीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण आपल्या मुलांना सगळ्यात मोठा न्यूनगंड तिथेच असतो. "मॅडम, मी एनजीओ काढलेली नाही, ऑलिंपियाडला गेलो नाही." नसू दे. कॉमन अॅपच्या यादीत घरच्या जबाबदाऱ्या आणि पगारी काम असे वेगळे प्रकारच दिलेले आहेत. रोज संध्याकाळी वडिलांच्या दुकानाचा हिशेब बघणं, धाकट्या भावाचा अभ्यास घेणं, आजारी आजीची औषधं सांभाळणं हे तिथे लिहायचंच असतं. वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, म्हणून विशेषणं टाळा आणि काय केलं, किती केलं ते सांगा: आठवड्याचे किती तास, किती गिऱ्हाईकांची उधारी, वही सोडून एक्सेलवर कधी आणलं. तबल्याच्या परीक्षा, गणपती मंडळाचा जमाखर्च, ट्रेकिंग ग्रुप हेही तिथे मानाने बसतं. ब्रिटनच्या अर्जात या गोष्टींना जवळपास जागा नाही, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखंही काही नाही. त्यांना फक्त विषय बघायचा असतो.

कागदपत्रं: आपल्याकडची खरी अडचण

अमेरिकेची पद्धत असं गृहीत धरते की मूल चार वर्षं एका शाळेत आहे आणि तिथे त्याला ओळखणारा समुपदेशक आहे. आपल्याकडे दहावीला शाळा सुटते, अकरावीला नवं कॉलेज सुरू होतं. जेईई किंवा नीटची तयारी करणारी कित्येक मुलं तर कॉलेजचं तोंड फक्त प्रॅक्टिकलला बघतात, बाकी दिवस क्लासमध्ये असतात. मग नोव्हेंबरात शिफारसपत्र द्यायला कोणी उरत नाही, कारण कॉलेजच्या शिक्षकांना मुलाचं नावही आठवत नाही.

या बाबतीत ब्रिटन सोपं पडतं. एक संदर्भपत्र आणि बारावीला किती टक्के अपेक्षित आहेत, याचा शिक्षकांचा अंदाज एवढ्यावर काम होतं. पण हा अंदाजच ऑफर ठरवतो, म्हणून तो देणाऱ्या शिक्षकांशी आधीच बसून बोला. सहामाहीत ७२ टक्के असताना ९२ चा अंदाज मागितला, तर कुठलाही प्रामाणिक शिक्षक तो देणार नाही. दुसरी गोष्ट मंडळाची. बरीच ब्रिटिश विद्यापीठं राज्य मंडळाच्या बारावीसाठी सीबीएसई किंवा आयएससीपेक्षा जास्त टक्के मागतात. काहींना आपली बारावी थेट प्रवेशाला पुरत नाही, तिथे आधी एक वर्षाचा फाउंडेशन कोर्स करावा लागतो, म्हणजे एक वर्षाची फी वाढते. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भारतासाठी वेगळं पान असतं. पर्याय पक्का करण्याआधी ते वाचा, आणि महाराष्ट्र मंडळाचं नाव तिथे आहे का ते पाहा. बारावीच्या इंग्रजीचे गुण काही विद्यापीठं आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेऐवजी धरतात, हेही त्याच पानावर कळतं.

अमेरिकेसाठी कागद जास्त लागतात. नववी-दहावीचे गुण जुन्या शाळेतून, अकरावीचे कॉलेजातून, मग वर्षाच्या मध्यावर सहामाही किंवा पूर्वपरीक्षेचे, आणि शेवटी बोर्डाची गुणपत्रिका. समुपदेशकाची जागा प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक भरू शकतात. त्यांना मात्र आपला ईमेल वापरून पोर्टलवर लॉगिन करावं लागतं, आणि नेमकं तिथेच गाडं अडतं. एका वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीचे सगळे निबंध ऑक्टोबरातच तयार होते. तरी अर्ज शेवटच्या रात्रीपर्यंत अपूर्ण दिसत होता, कारण शाळेने नववीचं रजिस्टर शोधून द्यायला पाच आठवडे लावले. तेव्हापासून मी मुलांना अकरावीच्या उन्हाळ्यातच नववीच्या गुणांची साक्षांकित प्रत काढून ठेवायला लावते.

एक कळकळीची विनंती. "तूच लिहून आण, मी सही करतो" असं सर म्हणाले, तर तसं करू नका. स्वतःबद्दलचं पत्र स्वतः लिहिलं की ते निबंधासारखंच वाजतं, आणि रोज शेकडो अर्ज वाचणाऱ्याला ते ऐकू येतं. शिवाय ती फसवणूक आहे, आणि उघडकीला आली तर मिळालेला प्रवेशही जातो. त्याऐवजी सरांना एक पान द्या: त्यांच्या वर्गात तुम्ही विचारलेला एखादा प्रश्न, चुकलेलं आणि मग सुधारलेलं एखादं प्रॅक्टिकल, कुठल्या विषयासाठी अर्ज करताय. पत्र ते इंग्रजीत अडखळत लिहितील, तरी चालेल. त्यात खरे प्रसंग असले की पुरे. कॉमन अॅपवर शिफारसपत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न येतो. तो सोडा. पत्र विद्यार्थ्याच्या नजरेखालून जाणार नसेल, तर कॉलेजचा त्यावर जास्त विश्वास बसतो.

तारखा आणि परीक्षा

ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि जवळपास सगळ्या मेडिसिनच्या अर्जांची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. बाकीच्या बहुतेक अभ्यासक्रमांची मुदत जानेवारीत असते. २०२६ च्या प्रवेशासाठी ती १४ जानेवारी होती. त्यानंतर आलेले अर्ज जागा उरल्या असतील तर बघितले जातात, आणि जुलैपासून क्लिअरिंग नावाची उरलेल्या जागांची फेरी सुरू होते. पण परदेशी विद्यार्थ्याला व्हिसाचा वेळही धरावा लागतो, म्हणून क्लिअरिंगवर विसंबून राहू नका.

ब्रिटनची ऑफर बहुधा सशर्त असते: बारावीला अमुक टक्के, गणितात तमुक. ऑफर आल्या की एक पहिली पसंती आणि एक राखीव अशा दोन ठेवता येतात. राखीव ऑफरची अट पहिलीपेक्षा सोपी असली तरच तिचा उपयोग. ८८ टक्क्यांच्या पहिल्या पसंतीला ८८ टक्क्यांचीच राखीव जोडलेली मी पाहिली आहे. बोर्डात ८६ पडले आणि दोन्ही गेल्या. थोडक्यात, ब्रिटनच्या वाटेवर फेब्रुवारी-मार्चची बोर्डाची परीक्षा निर्णायक ठरते.

अमेरिकेत कॉमन अॅप १ ऑगस्टला उघडतं. लवकरच्या फेरीची मुदत साधारण १ किंवा १५ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. नेहमीच्या फेरीची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल मार्चअखेरपर्यंत, आणि होकार कळवायचा १ मेपर्यंत. म्हणजे बोर्डाचा निकाल लागायच्या आधीच बहुतेक सगळं ठरलेलं असतं. तरी अंतिम गुणपत्रिका पाठवावी लागते, आणि गुण फारच घसरले तर प्रवेश रद्द करण्याचा हक्क कॉलेजला असतो.

लवकरच्या फेरीचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. अर्ली अॅक्शन म्हणजे निकाल लवकर, बंधन नाही. अर्ली डिसिजन म्हणजे प्रवेश मिळाला तर जायचंच आणि बाकी सगळीकडचे अर्ज मागे घ्यायचे. त्यावर विद्यार्थी, पालक आणि समुपदेशक तिघांच्या सह्या असतात. मिळालेल्या आर्थिक मदतीत शिकणं परवडत नसेल, तरच त्यातून सुटता येतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांची लवकरची फेरी बंधनकारक नाही, पण त्याच वेळी दुसऱ्या खासगी कॉलेजात लवकरचा अर्ज करायला तिथे मनाई असते. जिथे पैशाची जुळवाजुळव अजून व्हायची आहे, त्या घराने अर्ली डिसिजनच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चार ठिकाणच्या मदतीची तुलना करण्याची संधी त्यात हातची जाते.

परीक्षांचं चित्र असं. ब्रिटनमध्ये परीक्षा अभ्यासक्रमागणिक बदलते: मेडिसिनला यूकॅट, ऑक्सफर्ड, केंब्रिज, यूसीएल, एलएसई अशा ठिकाणच्या लॉला एलनॅट, केंब्रिज आणि इंपिरियलच्या इंजिनिअरिंगला ईसॅट. यांच्या नोंदणीच्या तारखा अर्जाच्या मुदतीच्या कितीतरी आधी संपतात. यूकॅट तर जुलैपासून सप्टेंबरपर्यंतच होते. अर्ज वेळेत गेला पण परीक्षेची नोंदणी राहिली, तर तो पर्याय वाया गेला असं समजा. अमेरिकेत एसएटी ही इंग्रजी आणि गणिताची प्रवेश परीक्षा. २०२३ च्या मार्चपासून ती परदेशात संगणकावरच होते. कोविडनंतर अनेकांनी ती ऐच्छिक केली होती, पण एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन यांनी २०२४ मध्ये पुन्हा सक्तीची केल्याचं जाहीर केलं. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठ एसएटीचे गुण बघतच नाही. म्हणून "एसएटी लागते का?" याचं एकच उत्तर नाही. तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचं पान उघडून बघावं लागतं.

जेईई किंवा सीईटीही द्यायची असेल तर? ब्रिटनचा अर्ज त्यासोबत झेपतो. एक स्टेटमेंट, एक पत्र, आणि विषय तोच. अमेरिकेच्या दहा कॉलेजांसाठी सहज पंचवीस-तीस छोटे-मोठे निबंध होतात, आणि तेही ऐन ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. जेईई मन लावून करणाऱ्या मुलाने अमेरिकेची तीन-चारच कॉलेजं निवडावीत, नाहीतर दोन्हीकडचं काम अर्धवट राहतं.

पैसे

इथे बातम्या वाचून गैरसमज होतात. इंग्लंडमधल्या विद्यापीठांची फी वर्षाला ९,५३५ पौंड, असं २०२५-२६ साठी छापून आलं. ती मर्यादा तिथल्या स्थानिक विद्यार्थ्यांसाठी आहे. भारतातून जाणाऱ्याला वरची मर्यादा नाही. साधारण १५-१६ हजार पौंडांपासून सुरुवात होते आणि लंडनमधल्या नामांकित विज्ञान-इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांना आकडा ४० हजारांच्या आसपास जातो. मेडिसिनला त्याहूनही वर. पदवीच्या परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या असतात, पण बहुतेक फीचा एखादा हिस्सा भरून काढणाऱ्या. पूर्ण खर्च उचलणाऱ्या मोजक्याच. त्यात व्हिसासोबत आरोग्य अधिभार येतो, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, आणि तो व्हिसाच्या सगळ्या काळाचा एकदम आधीच भरायचा असतो. फीची उरलेली रक्कम आणि राहण्याच्या खर्चाचे ठरलेले पैसे खात्यात सलग २८ दिवस दाखवावे लागतात. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी अर्ज नामंजूर होऊ शकतो. तरीही ब्रिटनचा हिशेब घरी बसून मांडता येतो. इंग्लंडमध्ये तीन वर्षं (स्कॉटलंडमध्ये चार), इतकी फी, इतकं राहणं. झेपतं की नाही, हे अर्ज करण्याआधीच कळतं.

अमेरिकेत तो हिशेब आधी लागत नाही. नामांकित खासगी कॉलेजात फी, राहणं, जेवण मिळून वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे जातं, आणि शिक्षण चार वर्षांचं. हा आकडा बघूनच बरीच घरं मागे फिरतात. पण त्याच देशात काही कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याचीही घरची ऐपत बघून उरलेला सगळा खर्च उचलतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, २०२२ पासून डार्टमथ आणि बोडन, अलीकडे ब्राउन आणि नोत्र दाम, ही कॉलेजं प्रवेश देताना मदत मागितली आहे की नाही हेसुद्धा बघत नाहीत. त्यांत प्रवेश मिळणं किती अवघड आहे, हे वेगळं सांगायला नको. हार्वर्डमध्ये शंभरातले चारच्या आसपासच निवडले जातात.

त्यांच्याखाली बरीच चांगली कॉलेजं अशी आहेत की ती मदत देतात, पण मदत मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज निवडताना पैशाचा विचार करतात. जितकी मोठी मदत मागाल, तितकी चुरस वाढते. म्हणून काही पालक "आधी प्रवेश मिळू दे, मदत नंतर मागू" असा विचार करतात. तसं करू नका. अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढे चारही वर्षं परदेशी विद्यार्थ्याला ती मिळणार नाही, असा नियम अनेक ठिकाणी आहे. मदतीसाठी बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म भरतात. त्यात घरचं उत्पन्न, घर, जमीन, बचत सगळं येतं. शेतीचं उत्पन्न आयकरातून माफ असलं तरी इथे ते सांगावं लागतं. फॅफ्सा नावाचा फॉर्म अमेरिकी नागरिकांसाठी असतो, त्याच्या मागे लागू नका.

यादी करताना एक कागद फार उपयोगी पडतो आणि तो फुकट आहे. बहुतेक अमेरिकी कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि हे शब्द टाकून शोधलं की सापडतो. त्यातल्या एच६ या भागात गेल्या वर्षी किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत मिळाली आणि सरासरी किती मिळाली, हे दिलेलं असतं. सी७ मध्ये कॉलेज गुण, निबंध, शिफारसपत्रं, उपक्रम यांपैकी कशाला किती महत्त्व देतं, ते दिसतं. एच६ मध्ये जेमतेम दहा-पंधरा विद्यार्थी आणि सरासरी पाच हजार डॉलर दिसले, तर आपल्याला मोठी मदत लागते का, याचा विचार करून ते कॉलेज तिथेच खोडा. कुठल्याही एजंटच्या तोंडी आश्वासनापेक्षा माझा या दोन रकान्यांवर जास्त विश्वास आहे.

अर्जाचं शुल्क ब्रिटनमध्ये पाचही पर्यायांचं मिळून ३० पौंडांच्या आत. अमेरिकेत प्रत्येक कॉलेजचं वेगळं, बहुधा ५० ते ९० डॉलर. काही कॉलेजं काहीच घेत नाहीत, आणि परवडत नसेल तर माफीही मागता येते. ती मागितल्याने प्रवेशावर परिणाम होत नाही.

विषय बदलायचा झाला तर

डॉक्टर किंवा वकील व्हायचं नक्की असेल, तर अमेरिका पदवीसाठी लांबचा रस्ता आहे. तिथे आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल किंवा लॉ स्कूल. ब्रिटनमध्ये बारावीनंतर थेट पाच-सहा वर्षांचं मेडिसिन किंवा तीन वर्षांचं एलएलबी करता येतं. परत येऊन भारतात डॉक्टरकी करायची असेल, तर जाण्याआधी नीट ही परीक्षा उत्तीर्ण असावी लागते, हे विसरू नका.

बाकी विषयांत अमेरिकेचा मोठा गुण म्हणजे मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचं असतं. फिजिक्स घ्यायला गेलेली मुलगी तत्त्वज्ञान घेऊन बाहेर पडू शकते. अपवाद कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगचा. मोठ्या सरकारी विद्यापीठांत नंतर तिकडे शिरणं फार कठीण असतं, म्हणून "आधी काहीही घेऊ, मग सीएसला जाऊ" हा बेत आखू नका. ब्रिटनमध्ये पहिल्या दिवसापासून आपलाच विषय, आणि बदलायचा झाला तर बऱ्याचदा पहिल्या वर्षापासून सुरुवात. ज्याला विषय सापडला आहे, त्याला याच गोष्टीचा आनंद होतो.

शिक्षणानंतर काम करण्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने, आणि विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांना आणखी २४ महिने काम करता येतं. ब्रिटनमध्ये दोन वर्षं मिळत आली आहेत, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती १८ महिने होणार आहेत. हे नियम दोन्ही देशांत सरकारं बदलतात तसे बदलतात. आज बारावीत असलेलं मूल पदवी घेईल तेव्हा काय असेल, यावर निर्णय उभा करू नका.

दोन्हीकडे अर्ज करावा का?

करता येतो, आणि पुष्कळ मुलांनी करावा. विषय ठरलेला आहे आणि घरची ऐपत ब्रिटनची फी पेलणारी आहे, तर यूकॅसचे पाच पर्याय मुख्य धरा आणि अमेरिकेची तीन-चार कॉलेजं जोडा. विषय ठरायचा आहे किंवा पूर्ण मदतीशिवाय जाणं शक्यच नाही, तर अमेरिका मुख्य धरा. तिथेही एच६ बघून यादी करा, आणि भारतातल्या एखाद्या चांगल्या कॉलेजचा अर्ज त्याच मनापासून भरा. विषय ठरलेला नाही आणि मदतीची गरजही नाही, अशा घरांना मी अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांकडे, म्हणजे कला-विज्ञानाचे अनेक विषय एकत्र शिकवणाऱ्या कॉलेजांकडे बघायला सांगते. त्यांची नावं आपल्याकडे कोणी घेत नाही, पण तिथे प्राध्यापक मुलांना नावानिशी ओळखतात.

कुठलीही वाट धरलीत तरी एक तारीख आपल्या पंचांगातून बघा. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजचं ऑफिस बंद असतं आणि अमेरिकेची १ नोव्हेंबरची मुदत बऱ्याच वर्षी त्याच्या आगेमागे येते. गुणांच्या ट्रान्सक्रिप्टवरचा शिक्का, प्राचार्यांची सही आणि शिक्षकांना पाठवायची ती एक पानाची टिपणं, हे सगळं दसऱ्याआधी हातात असू द्या.